रिकाम्या गोठ्यात कोंबड्या भरण्याआधी

म्हशी विकल्या की गोठ्यात आधी मोटारसायकल शिरते, मग शेणींचा ढीग, मग मोडका कूलर. त्याच गोठ्यात घरच्या अंड्यांपुरत्या वीस कोंबड्या आरामात राहतात. भिंती आणि छप्पर तयारच असतं, त्यामुळे बहुतेक जण रंगावर आणि नव्या दारावर पैसे घालतात. कोंबड्या मरतात त्या मात्र ओलीनं, नाहीतर मुंगसाच्या तोंडी. पैसा घालायचा तो जमिनीत आणि भोकं बुजवण्यात.

हिशोबासाठी 10 बाय 12 फुटांचा गोठा धरू. त्यातला 10 बाय 8 चा भाग कोंबड्यांना द्यायचा आणि दाराकडचे 4 फूट जाळीनं वेगळे काढायचे. तिथे खाद्याचा डबा, पाटी, खराटा. दोन दारं झाल्यामुळे बाहेरचं उघडलं तरी कोंबडी सुसाट अंगणात जात नाही. एका कोंबडीला 3 चौरस फूट धरले तर 80 चौरस फुटांत पंचवीस बसतात, पण वीसवर थांबा. पावसाळ्यात दिवसेंदिवस आतच राहावं लागतं, तेव्हा दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं.

आधी जमीन. शहाबादी फरशी असेल तर उचला. खाली वर्षानुवर्षं मुरलेलं गोमूत्र असतं आणि नुसतं धुऊन त्याचा दर्प जात नाही. 4 ते 6 इंच माती काढून शेतात टाका, मुरूम भरून धुमसानं ठोका, त्यात फुटक्या काचांचे तुकडे मिसळा म्हणजे घूस उकरत नाही. फरशी पुन्हा बसवताना 4 फुटाला 1 इंच उतार ठेवा आणि सांधे सिमेंटनं भरा. मातीत जुने खिळे, तारेचे तुकडे हमखास सापडतात. लोहचुंबक फिरवून तेवढे वेचून घ्या, कारण कोंबडी चकाकणारं काहीही गिळते. गोठ्यात कधी थिमेट किंवा फवारणीची औषधं ठेवली असतील तर त्या कोपऱ्यातली माती शेतातही टाकू नका, आणि तो कोपरा कोंबड्यांना देऊ नका.

आता मुताची नाली. गोठ्यातलं सगळ्यात धोक्याचं भोक हेच. मुंगूस, धामण, घूस, सगळ्यांची वाट इथून. तोंडाशी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी, सिमेंटात पक्की करा. षटकोनी चिकन जाळी स्वस्त मिळते, पण ती कोंबड्या आत ठेवायला. भटकं कुत्रं ती दातानं ओढून फाडतं आणि उंदीर तिच्यातून सहज आत येतो. जिथे भिंत नाही तिथे हीच वेल्डमेश जमिनीत 1 फूट पुरा. खाली खडक लागला तर ती बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवा. आजूबाजूला ऊस असेल तर तोडीच्या दिवसांत जास्त सावध राहा. फड मोकळा झाला की त्यातली रानमांजरं आणि मुंगसं वस्तीकडे सरकतात. दाराखालची फट अर्ध्या इंचाच्या आत हवी. भिंतीतल्या चिरा सिमेंटनं भरून वर चुना मारा. रक्त पिणाऱ्या गोचिडी आणि पिसवा दिवसा त्या चिरांत बसतात, रात्री कोंबडीवर चढतात.

हवा वरून हवी, अंगावरून नको. आपल्या कोल्हापूरकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती भिंत बंदच ठेवा आणि उरलेल्या बाजूंना छपराखाली दीड-दोन फुटांची पट्टी जाळी लावून मोकळी सोडा. ताडपत्रीचा पडदा वरून खाली सोडू नका. तो खाली पक्का करून दोरीनं वर ओढायचा, म्हणजे वरची वीतभर फट कायम उघडी राहते. गगनबावडा, राधानगरीसारख्या जोराच्या पावसाच्या भागात तर छपराची वळचण निदान 3 फूट बाहेर हवी. शिरोळकडे तेवढी नको, पण तिथे पुराची रेषा पाहून मगच कामाला हात घाला. थंडीला घाबरून सगळं बंद करणं ही नेहमीची चूक. कोल्हापूरची थंडी मोठ्या कोंबडीला काही करत नाही, कोंडलेली वाफ करते.

पत्रा असेल तर तो धरून ठेवणारे ‘J’ आकाराचे हूक आताच तपासा, वळवाच्या वाऱ्याला सैल पत्रा पुरत नाही. एप्रिल-मेसाठी वरून पांढरा चुना मारा. पाचट टाकलं तर गारवा चांगला होतो, पण उंदीरही राहायला येतात. कौलं असतील तर वाश्यांना खालून जाळी ठोका, कारण बोका कौल सरकवून आत उतरतो.

जुन्या गोठ्यातली खरी कमाई म्हणजे गव्हाण. ती फोडू नका, अंडी घालायची खोकी तिथेच होतात. चार-पाच कोंबड्यांना एक या हिशोबानं वीसना पाच खोकी पुरतात. दर 12 इंचांवर वीट उभी लावून कप्पे पाडा. गव्हाण खोल असते, वरून उडी मारली की अंडं फुटतं. म्हणून आत मुरूम आणि वर 3-4 इंच पिंजर घालून काठ फक्त 5-6 इंच वर राहील एवढी ती भरून घ्या. पुढे पोत्याचा पडदा सोडा. अंधार असला की अंडी फोडून खायची खोड कमी लागते.

बसायच्या दांड्या गव्हाणीच्या काठापेक्षा उंच हव्यात, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेनं माखलेली मिळतात. अडीच फूट उंची पुरे. गिरिराजसारखी जड जात 3 फुटांवरून रोज उडी मारू लागली की तळपायाला गाठ येते. दीड-दोन इंच जाडीचं लाकूड घ्या आणि कडा घासून गोल करा. गुळगुळीत बांबूवर पाय घसरतो. एकीला 10 इंच धरले तर साधारण 17 फूट दांडी लागते, म्हणजे साडेआठ फुटांच्या दोन. दोन्ही एकाच उंचीवर लावा, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणं.

खाली भाताचं तूस 3 इंच. 80 चौरस फुटांना आठ-नऊ पोती लागतात, आजरा-चंदगडकडच्या भात गिरण्यांवर मिळतात. गुऱ्हाळावरचं चिपाड फुकट मिळालं तरी पावसाळ्यात नको, ओल धरून त्याला बुरशी येते आणि कोंबड्यांची छाती भरते. तूस मुठीत दाबून पाहा: गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, हलवून बदला. वासाची परीक्षा उभं राहून करू नका. कोंबडीच्या उंचीवर खाली बसा, डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे. ओल्या तुसावर चुना भुरभुरला की सुरुवातीला अमोनियाचा वास उलट वाढतो, म्हणून तेव्हा कोंबड्या बाहेर काढा. कोपऱ्यात जुन्या टायरमध्ये माती, वाळू आणि चुलीची राख ठेवा. पावसाळ्यात बाहेर कोरडी धूळ नसते आणि धूळस्नानाशिवाय पिसवा आटोक्यात येत नाहीत.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, म्हणजे सिमेंट आणि चुना मृगाच्या आत पुरता वाळतो. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणताना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस कधी दिली ते विचारा. पहिला आठवडा त्यांना आतच कोंडा, प्रत्येक खोक्यात खोटं अंडं ठेवा, आणि बाहेर सोडायला लागल्यावर संध्याकाळचं खाद्य फक्त गोठ्यातच द्या.