दाइकानचे सूर टिकू लागलेत

शाकुहाचीवर (जपानी बांबूची बासरी) तिसऱ्या सप्तकातले, म्हणजे दाइकानचे सूर आता एका फुंकेत स्थिर राहू लागलेत. पूर्वी ते नुसते चमकून जायचे. काय बदललं ते लिहून ठेवतो, कारण इथे अडकलेले बरेच जण आहेत.

माझी शाकुहाची नेहमीच्या १.८ शाकूची (शाकू हे लांबीचं जपानी माप), साधारण ५४.५ सेंटिमीटर. पाचही भोकं बंद केली की 'रो' लागतो, सुमारे २९४ हर्ट्झ. खालच्या सप्तकाचं नाव 'ओत्सु', त्यावरच्याचं 'कान'. या दोन्हींत बोटं बहुतेक तीच, फरक फुंकेचा. दाइकानमध्ये ही सोय संपते. दोन सप्तकं वरचा रो ११७५ हर्ट्झच्या आसपास. तिथे नळीतली हवा चार भागांत कंप पावते आणि योग्य जागचं भोक थोडं उघडलं तरच त्या कंपनाला आधार मिळतो. नाहीतर सूर कानमध्ये घसरायला बघतो. त्यात प्रत्येक बांबूची पोकळी वेगळी. त्यामुळे तक्त्यातली बोटं ही फक्त सुरुवात समजा. माझ्याकडे मागचं, अंगठ्याचं भोक अर्धवट उघडल्यावर सूर बसला.

पण खरी किल्ली बोटांत नाही, ओठांत आहे. वरच्या सुरासाठी हवेची धार बासरीच्या फुंकायच्या कडेपर्यंत फार लवकर पोचायला हवी. त्यासाठी नुसता जोर लावला की सूर फाटतो आणि मान आखडते. हवेची धार बारीक करा, ओठ आणि कड यांतलं अंतर कमी करा. हे शिकायचा सगळ्यात चांगला रियाज म्हणजे कानचा रो शक्य तितक्या हळू आवाजात वाजवणं. अगदी विझेल असं वाटेपर्यंत हळू, पण ओत्सुत पडू द्यायचा नाही. तेव्हा ओठांमधली फट तिळाएवढी होते. तीच फट तशीच धरून पोटातून हवेचा दाब वाढवायचा. घसा मोकळा, हनुवटी जागेवर. उत्साहात हनुवटी वर गेली की ओठ कडेपासून लांब जातात आणि सगळं हरवतं. मला हा रियाज दाइकानच्या कुठल्याही थेट सरावापेक्षा जास्त उपयोगी पडला.

एक छोटी गोष्ट: उतागुचीवर, म्हणजे फुंकायच्या त्या कडेवर, ओलावा साचला की आधी दाइकानच बिघडतो, ओत्सु मात्र खुशाल वाजत राहतो. मधूनमधून ती कड कोरडी पुसून घेतो.

अजून कानमधून चढत गेलो तरच दाइकान लागतो. थेट उचलता येत नाही. पारंपरिक वादनात सूर जिभेने सुरू करत नाहीत, श्वासाने आणि बोटाच्या ठोक्याने करतात, आणि मला तसंच जमवायचं आहे. सध्या श्वास सोडताक्षणी भोकावर बोट हलकंच आपटून पाहतोय. कधी लागतो, कधी आधी नुसती हवा येते. २.४ शाकूच्या लांब शाकुहाचीवर कुणाला दाइकान सापडला असेल तर बोटं कशी ठेवता ते जरूर सांगा.