चॉर्लीवूडच्या फलाटावरची जागा

"आई, जरा इकडे सरका. तिथे उभं राहू नका."

जावई इतक्या हळू आवाजात बोलला की मला वाटलं, फलाटाच्या कडेशी गेले की काय. मागे वळून पाहिलं तर करड्या कोटातल्या एक बाई माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलेल्या. रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या थांबलेल्या. मी दिव्याच्या खांबापासून दोन पावलं बाजूला झाले, तशा त्या बरोब्बर माझ्या जागी येऊन उभ्या राहिल्या. गाडी आली आणि दार त्यांच्या नाकासमोर उघडलं.

मी २९ वर्षं डोंबिवली-सीएसटी केलंय. कुठल्या पंख्याखाली उभं राहिलं की कुठला डबा समोर येतो आणि चौथ्या सीटवर कोणाचा हक्क, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून राग आला नाही, उलट आपल्या गावी आल्यासारखं वाटलं. राग नंतर आला. मी जावयाला विचारलं, "या बाई कोण?" तो म्हणाला, "माहीत नाही. तीन वर्षं याच गाडीला असतात." तीन वर्षं! आमच्या लेडीज डब्यात तीन वर्षांत डोहाळजेवण, बारसं आणि मुलाचा पहिला वाढदिवस उरकून व्हायचा.

लंडनमधल्या आठवड्याबद्दल काही लिहीत नाही. घड्याळ, पूल, राजवाडा, पाय दुखले. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला लिहायचंय ते लेकीच्या गावाबद्दल. चॉर्लीवूड लंडनजवळच्या हर्टफर्डशायर परगण्याच्या अगदी टोकाला आहे, आणि तिथले लोक त्याला हट्टाने 'व्हिलेज' म्हणतात. वस्ती अकरा हजारांच्या वर. एवढी माणसं आमच्याकडे दोन-तीन मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मावतात.

पहिल्यांदा एकटी लंडनला गेले आणि येताना वॉटफर्डच्या गाडीत बसले. मेट्रोपॉलिटन लाइन, म्हणजे लंडनच्या मेट्रोचा इकडे येणारा मार्ग, मूर पार्कनंतर फुटते. एक फाटा वॉटफर्डला जातो, दुसरा रिकमन्सवर्थ, चॉर्लीवूड करत अ‍ॅमरशमकडे. म्हणजे कल्याणनंतर कर्जत आणि कसारा फुटतात, अगदी तसंच. जन्मात कधी चुकून कसारा गाडीत बसले नाही, आणि इथे क्रॉक्सलीला उतरून थंडीत कुडकुडत परतीच्या गाडीची वाट पाहत बसले. घरी गेल्यावर सांगितलं, "मुद्दाम गेले होते, बघायला." लेकीने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

त्या रात्री जावयाने रेल्वेची गोष्ट सांगितली. (गोष्ट रंगवून सांगतो तो, फक्त फलाटावर तोंड उघडत नाही.) १८८९ साली मेट्रोपॉलिटन रेल्वे इथे आली तेव्हा इथे शेतं होती, गावचं मोठं माळरान होतं आणि विखुरलेली घरं. कंपनी हुशार. रुळांसाठी घेतलेल्या जमिनीतली उरलेली विकून न टाकता ती राखून ठेवायची परवानगी तिच्याकडे होती. १९१५ पासून तिने 'मेट्रोलँड' या नावाने दरवर्षी पुस्तिका छापायला सुरुवात केली. धुरकट शहर सोडा, हिरवाईत राहा आणि आमच्याच गाडीने कामावर जा, असा एकूण सूर. १९१९ मध्ये घरं बांधायला वेगळी कंपनीच काढली. आपल्याकडच्या 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर'वाल्या बिल्डरांचे आजोबाच म्हणायचे. फरक एवढाच की ती पाच मिनिटं खरी असावीत.

आणखी एक गंमत. १९२५ साली वीज रिकमन्सवर्थपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे १९६०-६१ पर्यंत कोळशाचं इंजिन. त्यामुळे लंडनहून येणारी गाडी रिकमन्सवर्थला थांबायची, विजेचं इंजिन काढून वाफेचं जोडायचे आणि मग ती चॉर्लीवूडचा चढ चढायची. "कर्जतला घाटासाठी मागे इंजिन लावतात तसं," मी म्हटलं. "पण वडा नाही," जावई म्हणाला.

साडेसात-आठच्या गाड्या माणसं गिळून गेल्या की गाव एकदम रिकामं होतं. उरतात म्हातारी माणसं, बाबागाड्या, कुत्री आणि माझ्यासारख्या मुलीकडे आलेल्या आया. नोव्हेंबरचा महिना, ऊन असलं तरी ताकात पाणी घातल्यासारखं. मी चालत सुटायचे. माळरान, म्हणजे तिथलं कॉमन, सुमारे २०० एकर आहे आणि कुणीही फिरावं असं मोकळं आहे. त्यातच गोल्फही चालतं, तेव्हा चेंडूपासून डोकं आपलं आपण सांभाळायचं. सतराव्या शतकात विल्यम पेनचं लग्न याच गावातल्या एका शेतघरात झालं. हाच पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवणारा. शायर लेन नावाच्या रस्त्यावर चार्ल्स व्हॉयसी या वास्तुरचनाकाराने १८९९ च्या सुमारास स्वतःसाठी बांधलेलं घर आहे. पांढऱ्या खरबरीत भिंती, खाली ओढलेल्या टोपीसारखं छप्पर. कुणाच्या तरी घराकडे टक लावून पाहणं बरं नव्हे म्हणून मी दोनदा त्याच रस्त्याने गेले.

आता पावाबद्दल. लेक रोज सकाळी टोस्ट द्यायची आणि मी रोज कुरकुर करायचे. तो पाव टाळूला चिकटतो, बोटाने दाबला तर कापसासारखा बसतो, चवीला तर काहीच नाही. शेवटी ती म्हणाली, "आई, ज्या पावाला नावं ठेवतेस ना, त्याची कृती याच गावातली आहे." मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच, १९६१ साली इथल्या बेकरी संशोधन संस्थेत ही पद्धत निघाली आणि जगभर तिला 'चॉर्लीवूड पद्धत' असंच म्हणतात. पीठ तासन्‌तास फुगत ठेवायचं नाही. यंत्रात तीनेक मिनिटं प्रचंड वेगाने घुसळायचं, त्यात क जीवनसत्त्व, घट्ट चरबी आणि जास्तीचं यीस्ट घालायचं. इंग्लंडच्या गव्हात प्रथिनं कमी, त्यामुळे चांगल्या पावासाठी उत्तर अमेरिकेतून गहू आणावा लागायचा. या युक्तीने घरचा गहू जास्त चालायला लागला. पिठापासून तयार पावापर्यंत साडेतीन-चार तासांत काम. ब्रिटनमधला बहुतेक पाव आजही असाच होतो. प्रयोगशाळा केव्हाच गावातून गेली.

मी काही माझं मत बदललं नाही. आमच्या नाक्यावरच्या इराण्याच्या लादीपावाची सर त्याला नाही. पण नंतर तो चावताना मनात यायचं, सगळं गाव ज्या घाईने गाडी पकडतं त्याच घाईने पावही फुगतोय.

संध्याकाळी चारलाच अंधार. सहानंतर गाड्या येऊ लागल्या की मी शाल गुंडाळून पुलावर जायची. दीडशे माणसं उतरायची आणि चार मिनिटांत फलाट धुतल्यासारखा. कोणी कोणाला "चला, येते हं" म्हणत नाही. पासाचे पौंड एकदा मी रुपयांत करून पाहिले आणि त्या रात्री जेवण उतरलं नाही. एवढे पैसे भरून निदान गप्पा तरी मारा!

शेवटच्या गुरुवारी जावयाने घरून काम केलं. मला सवयच लागली होती, एकटीच फलाटावर गेले, खांबापासून दोन पावलं सोडून उभी राहिले. करड्या कोटातल्या बाई आल्या, आपल्या जागी उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाहिलं, माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि चक्क बोलल्या. "ते बरे आहेत ना? पाठीवर निळी बॅग असते ते?"

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, बरा आहे, घरून काम करतोय. "छान, छान," म्हणाल्या. दार उघडलं, गाडी गेली.

घरी येऊन जावयाला सांगितलं. तो लॅपटॉपवरून हात काढून माझ्याकडे बघतच राहिला.

"आई, हे काय करून ठेवलंत! आता उद्यापासून त्यांना रोज गुड मॉर्निंग म्हणावं लागणार."