कोल्हापूर ते अंधेरी, व्हाया एफआरएम पार्ट वन

नोव्हेंबरमध्ये एफआरएमचा, म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर या जोखीम व्यवस्थापनाच्या परीक्षेचा, पहिला पेपर देऊन आलो. पुढच्या खेपेला बसणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, शिक्षण बी.कॉम. अभ्यास जूनपासून, पहाटे साडेपाच ते साडेसात. गणपतीचे दिवस गेले ते गेलेच. पहिली चूक तिथेच झाली. गणिताची भीती, म्हणून क्वांटमध्ये, म्हणजे संख्याशास्त्राच्या विषयात, दोन महिने घातले. त्याला वजन 20 टक्के. फायनान्शियल मार्केट्स आणि व्हॅल्युएशन हे दोन विषय प्रत्येकी 30 टक्क्यांचे, त्यांच्या वाट्याला उरलेला वेळ आला. तुम्ही उलट करा. क्वांट सोडू नका, पण रिग्रेशनच्या प्रत्येक सिद्धतेत गुंतूही नका.

उरलेले 20 टक्के फाउंडेशन्सचे. त्यात बेअरिंग्ज ही बँक, एलटीसीएम हा हेज फंड, मेटालगेझेलशाफ्ट ही जर्मन कंपनी अशी बुडालेल्यांची किंवा बुडता बुडता वाचलेल्यांची प्रकरणं येतात. शेवटचं मला आवडलं. दहा-दहा वर्षं ठरलेल्या भावाने तेल द्यायचा शब्द, त्यासाठी हेज (भाव फिरला तर नुकसान भरून काढणारा सौदा) मात्र जवळच्या महिन्यांच्या फ्युचर्सचा, म्हणजे वायद्यांचा. 1993 मध्ये तेलाचा भाव पडला. फ्युचर्सवरच्या तोट्यापोटी मार्जिन आजच भरायचं आणि करारातला फायदा पुढल्या दहा वर्षांत येणार. कागदावर हिशेब जुळतो, गल्ल्यात पैसा नाही. कर्जखात्यावर बसणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचे पाच आठवडे फक्त प्रश्न सोडवा. चार तासांत 100 प्रश्न, म्हणजे एकाला 2 मिनिटं 24 सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही कोरा सोडायचा नाही. 10 कोटींचा पोर्टफोलिओ, रोजची व्होलॅटिलिटी (चढ-उतार) 1.2 टक्के, 95 टक्क्यांचा एक दिवसाचा व्हीएआर (100 पैकी 95 दिवस तोटा ज्याच्या पुढे जाणार नाही तो आकडा) किती? 1.645 ने गुणून 19.74 लाख, हे हाताने आपोआप व्हायला हवं. विचार करायचा तो प्रश्नात '10 दिवसांचा' असा शब्द दडलाय का, याचा. असेल तर 10 च्या वर्गमुळाने गुणा, 62.4 लाख.

आता प्रवास. महालक्ष्मी एक्सप्रेसने आदल्या दिवशीच सकाळी कल्याणला उतरलो आणि डोंबिवलीत मावशीकडे गेलो. "बँकेत लागून बारा वर्षं झाली, अजून कसल्या परीक्षा रे?" असं म्हणत तिने पोहे पुढे ठेवले. दुपारी अंधेरीला जाऊन सेंटर बघून आलो. हे कराच. इमारतीला मागून-पुढून दोन गेट, लिफ्ट एकाच बाजूला. शनिवारी पेपरच्या घाईत ते शोधत बसलो असतो. रविवारचा स्लॉट असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघा.

ओळखपत्र मूळच लागतं आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. मी पासपोर्ट नेला होता. घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं लॉकरमध्ये. खिसे उलटे करून दाखवायचे. कच्च्या कामाला पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळाला. मार्करने बारीक लिहिता येत नाही, म्हणून घरीही शेवटचे दोन सराव पेपर जाड पेनानेच सोडवा.

आणि आता कॅल्क्युलेटर. माझा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस. मेमरी कोरी हवी म्हणून बाहेर बसल्या बसल्या मी तो रीसेट केला. आतले प्रश्न सांगायचे नाहीत असं कबूल केलंय, तेव्हा आकडे माझे. 4 अधिक 1.2 गुणिले कंसात 9 वजा 4. साधं सीएपीएम (अपेक्षित परतावा काढायचं सूत्र), उत्तर 10. यंत्राने दाखवलं 26. पुन्हा केलं, पुन्हा 26. तळहाताला घाम. रीसेट केल्यावर हे यंत्र 'चेन' मोडवर जातं, म्हणजे गुणाकार आधी न करता डावीकडून उजवीकडे चालत सुटतं, आणि दशांशही दोनच दाखवतं. सेकंड, मग फॉरमॅट, 9, एंटर. खालच्या बाणाने शेवटच्या सेटिंगवर जाऊन सेकंड-सेट दाबलं की 'एओएस', म्हणजे गुणाकार आधी करणारा मोड, येतं. हे मला माहीत होतं, तरी आठवायला चार मिनिटं गेली. रीसेट करायचाच तर लगेच सेटिंग लावा आणि 2 अधिक 3 गुणिले 4 करून बघा. 14 आले तरच आत जा.

अडीच तासांनी उठून पाणी पिऊन आलो. घड्याळ चालूच राहतं, पण ती तीन मिनिटं वसूल झाली. शेवटचे अकरा प्रश्न खूण करून ठेवले होते, त्यांतले सहा परत बघता आले.

निकाल मेलवर आला, पास. मार्क कळवत नाहीत, प्रत्येक विषयात इतरांच्या तुलनेत कितव्या चतुर्थांशात आहात एवढंच. क्वांट पहिला, म्हणजे सर्वांत वरचा, बाकी दोन दुसरा. फाउंडेशन्स तिसरा, कारण ते गोष्टीचं पुस्तक समजून झोपताना वाचलं होतं.