चोवीस सेकंदांचा हिशेब

आज अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे जुने स्कोअर चाळताना नजर अडकली ती २२ नोव्हेंबर १९५० वर. फोर्ट वेन १९, मिनियापोलिस १८. अख्ख्या सामन्याचा स्कोअर! आघाडी मिळाली की चेंडू नुसता धरून ठेवायचा, अडवणारा नियमच नव्हता. मग चेंडू मिळवायला समोरचे फाउल करणार आणि त्याबद्दल मिळणाऱ्या फ्री थ्रोंची, म्हणजे कुणी न अडवता घ्यायच्या शॉट्सची, रांग लागणार. सिरॅक्यूज नॅशनल्स या संघाचे व्यवस्थापक लिओ फेरिस आणि मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार मांडला: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट, ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, म्हणजे एका शॉटला २४. १९५४-५५ पासून चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत शॉट घेण्याचा नियम लागू झाला आणि संघांची सरासरी ७९ वरून ९३ गुणांवर गेली. बियासोन सगळ्यांना ठाऊक आहेत. फेरिस यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं. १९४६ मध्ये त्यांनी बफेलोत उभारायला हातभार लावलेला संघच आजचा अटलांटा हॉक्स.