दोन मैल माझ्याकडे

अमेरिकेतल्या ॲपलेचियन ट्रेलचे दोन मैल गेली तीन वर्षं माझ्याकडे आहेत, म्हणजे देखभालीला. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, 14 राज्यांतून जाणारी ही जवळपास 3,500 किलोमीटरची पायवाट. तिचे असे तुकडे पाडून ते स्थानिक क्लबांतल्या स्वयंसेवकांना वाटून दिलेले असतात. बेंटन मॅकाय यांनी 1921 मध्ये या वाटेची कल्पना मांडली आणि 1937 मध्ये ती सलग जोडली गेली. तेव्हापासून स्वयंसेवकांनी ती सोडलेली नाही.

नाव नोंदवणं सोपं होतं. स्वयंसेवक म्हणून करारावर सही करायची, एक दिवस अनुभवी माणसाबरोबर काम शिकायचं. ती सही टाळू नका, कारण काम करताना दुखापत झाली तर तिच्यामुळेच संरक्षण मिळतं. यांत्रिक करवत मात्र लगेच हातात देत नाहीत. तिचं वेगळं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात तर ती चालतच नाही, तिथे आडवं पडलेलं झाड हाताने ओढायच्या करवतीने कापायचं.

मला वाटलं होतं, काम म्हणजे झाडं कापणं आणि झाडांवर वाट दाखवणाऱ्या खुणा रंगवणं. तेही असतंच. खूण 2 इंच रुंद, 6 इंच उंच, पांढरी. आधी सालीचा खडबडीतपणा हलक्या हाताने खरवडून घ्यायचा, साल सोलायची नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं अशी छाटायची की 4 फूट रुंद आणि 8 फूट उंच मोकळी जागा राहील, म्हणजे पाठीवर मोठी सॅक असलेला माणूस भर पावसात ओल्या फांद्या न झेलता जाईल. पण खरं काम पाण्याचं आहे. उतारावरच्या वाटेचं सगळ्यात मोठं नुकसान पाणी करतं.

पहिल्याच फेरीत एक वॉटर बार बुजलेला सापडला. वॉटर बार म्हणजे वाटेत तिरका पुरलेला ओंडका किंवा दगडांची रांग. वरून येणारं पाणी त्याला अडून उताराकडे वळतं आणि वाटेबाहेर पडतं. इथे ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाचोळा आणि चिखल साचून जमीन ओंडक्याइतकीच वर आली होती. पाणी त्यावरून सरळ वाटेनेच धावत होतं. खाली वीसेक पावलांवर ढोपरभर घळ पडलेली, झाडांची मुळं उघडी, आणि चालणाऱ्यांनी ती चुकवत शेजारून दुसरी वाट पाडलेली. मी पाचोळा ओढून खालच्या उतारावर टाकला, माती वेगळी काढून ओंडक्याच्या खालच्या अंगाला दाबून बसवली आणि पाणी बाहेर जाणारा चर फावड्याच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त रुंद केला. अरुंद चर पहिल्याच पानगळीत बुजतो. अर्धा तास लागला. त्या घळीला मात्र पुढचे दोन हंगाम गेले.

दुसरं काम कागदावरचं, आणि त्याची मला मुळीच सवय नव्हती. 1968 च्या कायद्याने या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि आज तिचा 99 टक्क्यांहून जास्त भाग संरक्षित जमिनीवर आहे. पण वाटेवरून दिसणारं सगळंच संरक्षित नसतं. माझ्या तुकड्यावरच्या एका कड्यासमोरून उच्चदाबाची वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव आला. हरकती-सूचनांसाठी मुदत होती. मी मनापासून एक पान लिहिलं: जागा किती सुंदर आहे, तिथे किती शांत वाटतं. क्लबमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे, पण याला त्यांनी उत्तर काय द्यायचं?"

मग पुन्हा बसले. प्रस्तावासोबतच्या अहवालातली पानं शोधली. वाटेवरून दिसणाऱ्या दृश्याचा अभ्यास त्यांनी फक्त उन्हाळ्यात, झाडांना पानं असताना केला होता. मी पानगळीनंतर त्याच जागेवरून फोटो काढले, तारीख आणि नेमकं ठिकाण लिहिलं. मनोरे कड्याच्या मागच्या उतारावरून नेता येतील का, असा थेट प्रश्न विचारला. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो एकच मुद्दा धरला जातो. म्हणून क्लबमधल्या प्रत्येकाने आपापल्या तुकड्याबद्दल आपल्या शब्दांत लिहिलं. सुनावणीला तीन मिनिटं मिळाली. माझा आवाज कापत होता, पण फोटो दाखवून झाले.

अंतिम अहवालात आमच्या मुद्द्याला उत्तर होतं. दोन मनोरे मागे सरकले. तिसरा तिथेच राहिला, आणि थंडीत तो दिसतो. त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

कामाचे तास मी न चुकता नोंदवते, येण्याजाण्याचेसुद्धा. निधीची मागणी करताना हेच आकडे पुढे ठेवता येतात. पुढची फेरी पानगळ संपल्यावर. शेजारच्या तुकड्याला सध्या कोणी नाही, त्यामुळे यंदा चार मैल.