दुनाळी आणि पावसाळा

मृग लागण्याच्या आधी आमच्याकडे कौले चाळून होतात, जळाऊ लाकडे पडवीत रचली जातात आणि त्याच आठवड्यात मी आजोबांची बारा बोरची दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, देखभालीसाठी कपाटातून बाहेर काढतो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आता तिसऱ्या पिढीकडे आली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानडुकरावरसुद्धा परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षे न वापरता घरात असते. आणि माझा अनुभव असा की वापरातल्या बंदुकीपेक्षा न वापरलेली बंदूक लवकर गंजते, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही.

ही बंदूक साइडलॉक बांधणीची आहे. चाप दाबल्यावर आदळून बार उडवणारा घोडा, त्याला रेटणारी कमान आणि घोड्याला अडवून धरणारा दात हे सारे यंत्र एका पोलादी पट्टीच्या आतल्या अंगाला जोडलेले असते, आणि अशा दोन पट्ट्या दस्त्याच्या पुढच्या टोकाला, उजव्या-डाव्या बाजूंनी कोरलेल्या खोबणीत बसवलेल्या असतात. १८७५ च्या सुमारास अँसन आणि डीली यांनी बर्मिंगहॅममध्ये काढलेल्या बॉक्सलॉकमध्ये हेच भाग नळ्यांमागच्या पोलादी ठोकळ्याच्या पोटात जातात. साइडलॉकमध्ये मात्र लाकूड आणि पोलाद यांचा सांधा पट्टीच्या कडेने लांबवर फिरतो, आणि पाणी नेमके तिथूनच आत शिरते. आमच्या बंदुकीचे घोडे बाहेर आहेत, त्यामुळे घोड्याचा आस जिथे पट्टीतून बाहेर येतो तिथे पाण्याला आणखी एक वाट मिळते. आत गंज चढला तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही: दाताच्या टोकावर खड्डा पडला की चाप किती दाबल्यावर घोडा सुटेल याचा भरवसा उरत नाही, आणि अशी बंदूक हातात धरणेही धोक्याचे असते.

किनाऱ्यावरच्या गंजाला पावसाइतकेच मीठ जबाबदार आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळू लागते. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पाझरते ते यामुळेच. समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओले राहते. खाऱ्या वाऱ्याने नळीवर बसलेला हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण पोलादाला ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा तो चिकटून असतो, आणि हाताच्या घामातले मीठ त्यात भर घालते. म्हणून नुसते तेल चोपडून भागत नाही. आधी ते मीठ पुसून काढावे लागते.

हे मी चूक करून शिकलो. एका निवडणुकीच्या वेळी परवानाधारकांच्या बंदुका जमा करण्याचा आदेश निघाला, तेव्हा मी मोठ्या काळजीने दुनाळी आतून लोकर लावलेल्या चामडी म्यानात घालून जमा केली. ती परत मिळाली तोवर पाऊस सुरू झाला होता, आणि म्यानासकट मी ती तशीच माळ्यावर ठेवून दिली. गणपतीत उघडली तेव्हा डाव्या नळीवर लोकरीचा स्पर्श झाला होता तेवढ्याच भागात तांबूस ठिपके उठले होते. म्यान प्रवासापुरते ठीक. चामडे आणि लोकर दोन्ही ओल धरून ठेवतात, त्यामुळे साठवणीसाठी त्यांच्याइतके वाईट दुसरे काही नाही.

बंदूक भिजली तर प्रथम दोन्ही नळ्यांत काडतूस नाही याची खात्री करून मी नळ्या, नळ्यांखालचे लाकूड आणि दस्ता असे तीन भाग वेगळे करतो. जुन्या सुती धोतराच्या फडक्याने सारे टिपून घेतो, दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडांकडे विशेष लक्ष देतो, आणि रात्रभर पंख्याखाली उघडे ठेवतो. चुलीजवळ लाकूड कधीच वाळवत नाही, कारण अक्रोडाचे लाकूड एकदम सुकले की तडकते. तेलाचा हात दुसऱ्या दिवशी, आणि दोन दिवसांनी पुन्हा एक नजर.

आजी खोबरेल लावायची, आणि त्या काळी दुसरे होते तरी काय? पण खोबरेल खवट झाले की त्यातली आम्ले पोलादालाच खातात. मी शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल वापरतो, तेही फडक्यावर दोन थेंब, कारण जादा तेल पट्टीच्या कडेने लाकडात मुरते आणि वर्षानुवर्षे मुरलेल्या तेलाने दस्त्याचे डोके मऊ पडते. नळ्यांचे तोंड खाली करून बंदूक उभी ठेवण्यामागेही हेच कारण आहे. दस्त्याला मात्र जवसाचे तेल, तळहाताने चोळून, अगदी थोडे. पट्ट्या उघडून आतली साफसफाई मी स्वतः करत नाही. त्या स्क्रूंच्या खाचा बारीक असतात, बाजारातला स्क्रू ड्रायव्हर त्या कुरतडून टाकतो, शिवाय आतली कमान ताणलेली असते. पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा परवानाधारक कारागिराकडे ते काम जाते.

पावसाळ्याचे चार महिने ती कुलूपबंद लोखंडी कपाटात असते. तळाशी पंधरा वॅटचा दिवा आहे, त्याच्या मंद उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहते. वीज गेली तर सिलिका जेलच्या पुड्या असतातच. त्यातले निळे दाणे गुलाबी झाले की ते एका जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून धगीवर सुकवतो. तो डबा स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून त्याला मी लाल रंग दिला आहे, तरी दर वर्षी कोणीतरी त्यात हळद भरून ठेवतेच.