विम्याच्या फॉर्मवरचं उद्दिष्ट

साल्ट लेक सिटीत फिजिओ म्हणून काम करायचं तर आधी विमा कंपनीची भाषा शिकावी लागते. 'खांदा बरा करायचाय' एवढ्यावर कुणी पैसे सोडत नाही. हात उचलून पेशंटला नेमकं काय करायचंय ते लिहा: केस विंचरणं, शर्ट घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं.

खांद्याचं ऑपरेशन झालेले हे गृहस्थ साठीच्या पुढचे, मूळ ब्राझीलचे, कृष्णवर्णीय आणि पक्के मॉर्मन, म्हणजे याच शहरात मुख्यालय असलेल्या ख्रिस्ती पंथाचे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) विचारलं तर म्हणाले, "नातवाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवायचेत."

मॉर्मन चर्चमध्ये साधारण बाराव्या वर्षी मुलग्यांना याजकपदाची, म्हणजे धार्मिक विधी करण्याच्या अधिकाराची, पहिली पायरी मिळते. आधीच याजकपद असलेल्या पुरुषानं डोक्यावर हात ठेवूनच, आशीर्वादाचे शब्द म्हणत, ती द्यायची. मग रविवारी भाकरीचे आणि पाण्याचे ट्रे बाकांमधून फिरवायचे ते याच पोरांनी. हे बारा वर्षांचे झाले तेव्हा बरोबरीची गोरी पोरं ट्रे घेऊन उठली आणि हे आईशेजारी बसून राहिले. आफ्रिकन वंशाच्या पुरुषांना याजकपद नाही, असा नियम होता. मंदिरातले, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या पवित्र वास्तूतले, मुख्य विधीही बंद, ते तर बायकांनाही. ब्राझीलमध्ये कुणाच्या कितव्या पिढीत कोण होतं हे ठरवणार कसं? मिशनरी घरी येऊन आजी-आजोबांचे फोटो बघायचे! "आमच्या घरी फोटो बाहेर काढायची वेळच आली नाही," म्हणत ते हसले.

बंदी 1978 मध्ये उठली, एवढं मला इथे राहून ठाऊक होतं. पण सुरुवातीला ती नव्हतीच, हे त्यांच्याकडून कळलं. संस्थापक जोसेफ स्मिथ हयात असतानाच, 1836 मध्ये, एलायजा एबल या कृष्णवर्णीय सुताराला याजकपद मिळालं होतं. 1852 मध्ये स्मिथनंतरचे प्रमुख ब्रिगम यंगनी बंदी जाहीर केली. एबल यांनी मंदिरातल्या विधींसाठी पुन्हा पुन्हा विनंती केली. 1884 मध्ये वारले तोवर नकारच. साओ पावलोचं मंदिर बांधायला घेतलं तेव्हा माझ्या या पेशंटच्या आईनंही पैसे दिले होते, आपल्याला आत जाता येणार नाही हे माहीत असून. मग 1978च्या जूनमध्ये चर्चचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांना साक्षात्कार झाल्याचं जाहीर झालं आणि ऑक्टोबरात मंदिर सुरू झालं.

ते चिडले ते बंदीवर नाही, तिच्यासाठी दिलेल्या कारणांवर. जन्माआधीच्या जगात तुम्ही कमी पडलात, असं त्यांना लहानपणी समजावलेलं. चर्चनं 2013 मध्ये ही कारणं लेखी नाकारली. माफी मागितली नाही.

"तुमच्याकडे असं काही?" त्यांनी विचारलं. मी नाशिकची, काळारामाचा 1930चा सत्याग्रह सांगितला.

"मग उघडलं?"

"पाच वर्षं चालला, तरी नाही."

ते मान हलवत राहिले. विषय माझ्यावर आलेला मला फारसा रुचला नाही, म्हणून मी खुर्चीवर व्यायामाचा चेंडू ठेवला. मूल खुर्चीत बसतं, त्यामुळे हात फार उंच न्यायचे नाहीत. खरी कसोटी आहे पोराच्या मानेवर भार न टाकता ते तसेच धरून ठेवण्याची. उजवा लगेच थरथरायला लागला.

फॉर्मवर लिहिलं: 'दोन्ही हात छातीच्या उंचीवर, आधाराविना, दोन मिनिटं.'

त्यांनी वाकून वाचलं. "पाच लिहा," म्हणाले, "मी थोडक्यात आटोपणार नाहीये."